हृदयापर्यंत पोंचणारा कर्करोग

आयुर्वेदांत मर्मांची जी गणना केली आहे तींत हृदयाचें स्थान फार वरचें आहे. चरकाचार्यांनीं शिर, हृदय आणि बस्ति हीं तीन मर्में प्रधान मानिलीं. सुश्रुताचार्यांनीं, ज्यांवर आघात होतांच प्राण जातो अशा सद्यःप्राणहर मर्मांत हृदयाचा समावेश केला. ग्रीस देशांतील ॲरिस्टॉटलचेंही मत फारसें निराळें नव्हतें. इतर अवयव रोग सोसतात, परंतु हृदयास कोणताही गंभीर विकार सोसवत नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. अशा या अवयवांत कर्करोग शिरला तर काय होत असेल, याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. फुप्फुस, यकृत, हाडें, मेंदू येथें तो पसरल्याचें आप्तेष्टांच्या घरीं ऐकूं येतें. हृदयांत पसरला असें मात्र कोणी सांगत नाहीं. तो तेथें जातच नाहीं, असा पुष्कळांचा समज आहे; आमचाही तसाच होता.

तो समज खोटा ठरविणारा प्रसंग आमच्या अगदीं परिचयाच्या घरांत घडला. आमच्याबरोबर शाळेंत गणित शिकविणारे एक स्नेही आहेत. त्यांच्या पत्नीस आम्ही वहिनी म्हणत असूं. वहिनींच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार असे सर्व उपचार यथासांग होऊन चार वर्षें लोटलीं होतीं. घरांतील माणसें तें दुखणें जवळजवळ विसरून गेलीं होतीं. एका पावसाळ्यांत वहिनींस दम लागूं लागला. देवघरांतून स्वयंपाकघरांत येतांना त्या मध्येंच भिंतीस हात लावून थांबत. वय झालें, हवा दमट आहे, अशक्तपणा आहे, असें जो तो म्हणे. खोकल्याच्या औषधाची बाटली आली. शेजारच्या डॉक्टरांनीं लोहाच्या गोळ्या दिल्या. आम्हींही च्यवनप्राशाची शिफारस केली, हें येथें लपवून ठेवीत नाहीं. धाकट्या सूनबाईंच्या मात्र दोन गोष्टी ध्यानांत आल्या. सासूबाई रात्रीं आडव्या निजत नाहींत, तीन उशा पाठीशीं घेऊन बसल्या बसल्या डुलक्या घेतात, ही एक. त्यांचे केंस विंचरून देतांना मानेवरच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या दिसतात, ही दुसरी. पुढें काय झालें तें ओघानें येईलच. हा रोग हृदयापर्यंत पोंचतो तरी कसा, आणि बहुधा पोंचत कां नाहीं, हें आधीं पाहूं. आम्ही कांहीं डॉक्टर नव्हें. आमचा जन्म धातुरूपें घोकून घेण्यांत गेला. परंतु या प्रसंगानंतर आम्हीं जें वाचलें आणि तज्ज्ञांस विचारून समजून घेतलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. हृदयांतच उत्पन्न झालेली गांठ निराळी आणि दुसरीकडून तेथें आलेली निराळी. पहिल्या प्रकारची गांठ इतकी विरळ कीं, दहा हजार शवविच्छेदनांत ती अवघ्या दोन-चार ठिकाणीं आढळते. आणि त्यांतल्या सुमारें तीन-चतुर्थांश गांठी कर्करोगाच्या नसतातच. मोठ्या माणसांत त्यांपैकीं मिक्झोमा नांवाची गांठ विशेष आढळते. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांस अलिंद म्हणतात आणि खालच्या दोहोंस निलय. त्यांतील डाव्या अलिंदांत ती बहुधा देंठानें लोंबत असते. १९५४ सालीं स्टॉकहोम येथें क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनीं ती प्रथम यशस्वीपणें काढली, आणि आज ती काढल्यावर रोगी बहुधा कायमचा बरा होतो. खरा कर्करोग जो ॲंजिओसार्कोमा, तो उजव्या अलिंदांत उगवतो आणि कळून येईपर्यंत बहुधा फुप्फुसांत गेलेला असतो.

हृदयास स्वतःचा कर्करोग इतका क्वचित् कां होतो, याचें एक कारण असें मानितात कीं, कर्करोग हा पेशींच्या विभाजनांतील बिघाड आहे आणि हृदयाच्या स्नायुपेशी जवळजवळ विभागतच नाहींत. हें मोजलें कसें, ती हकीकत मोठी चमत्कारिक आहे. १९६३ सालच्या करारापर्यंत महासत्तांनीं उघड्या हवेंत अणुबॉम्बचे स्फोट केले, त्यायोगें वातावरणांत किरणोत्सारी कार्बन वाढला, आणि तो अन्नावाटे त्या काळच्या सर्व माणसांच्या अंगांत गेला. या कार्बनच्या प्रमाणावरून पेशी कोणत्या सालांत जन्मली हें ओळखतां येतें. स्टॉकहोमच्या संशोधकांनीं २००९ सालीं या उपायानें असें दाखविलें कीं, पंचविशींत हृदयाच्या स्नायुपेशींपैकीं वर्षाला शेंकडा एकच बदलते आणि पंचाहत्तरींत शेंकडा अर्धीही नाहीं. म्हणजे आजोबांच्या छातींत आज जें हृदय चालतें आहे, त्यांतील अर्ध्याहून अधिक स्नायुपेशी त्यांच्या बाळपणापासूनच्या आहेत. संहारासाठीं केलेल्या स्फोटांचा असा उपयोग होईल, हें ते करणारांच्या स्वप्नांतही नसेल.

आतां दुसरीकडून येणाऱ्या रोगाकडे वळूं. तो मूळच्या गांठींहून निदान वीस पटींनीं अधिक आढळतो. इटलींतील त्रिएस्ते शहरांत १९९४ ते २००३ या दहा वर्षांत झालेल्या शवविच्छेदनांचा अहवाल २००७ सालीं प्रसिद्ध झाला. कर्करोग असलेल्या ७,२८९ देहांपैकीं ६६२ देहांत, म्हणजे शेंकडा नऊंत, रोग हृदयांत किंवा त्याच्या आवरणांत पोंचलेला होता. असे रोगी हयात असतांना ही गोष्ट पुष्कळदां कोणास कळतही नाहीं, कारण लहान गांठी कांहींच त्रास देत नाहींत. म्हणूनच आपल्या कानांवर ती येत नाहीं.

शेंकडा नऊ हा आंकडा आम्हांस प्रथम फार वाटला. पण विचार करतां तो थोडाच वाटूं लागला. बृहदारण्यकोपनिषदांत 'हृदय' शब्दाचीं तीन अक्षरें वेगळीं करून, पहिल्यांत आणणें, दुसऱ्यांत देणें आणि तिसऱ्यांत जाणें असे अर्थ दाखविले आहेत. तेथला अभिप्राय आध्यात्मिक आहे. परंतु रक्ताच्या बाबतींत तो अक्षरशः खरा आहे. मिनिटास सुमारें पांच लिटर रक्त हृदयांत आणिलें जातें, दिलें जातें आणि निघून जातें. रक्तांतून फिरणाऱ्या कर्करोगाच्या पेशींस हृदयाच्या दालनांतून गेल्यावांचून गत्यंतरच नाहीं. मग वाट ज्याच्या घरांतून, त्याच्याच घरीं मुक्काम कां होत नाहीं?

या प्रश्नाची एक बाजू १८८९ सालीं लंडनचे शस्त्रवैद्य स्टीफन पेजेट यांनीं 'लॅन्सेट' पत्रांतील निबंधांत उलगडली. स्तनाच्या कर्करोगानें मृत्यु आलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्यांनीं तपासल्या. यकृतांत रोग पसरल्याचें २४१ जणींत दिसलें, आणि प्लीहेंत अवघ्या १७ जणींत. रक्त तर प्लीहेकडेही भरपूर जातें; तेव्हां नुसत्या प्रवाहानें हा फरक पडणार नाहीं. रोगाच्या पेशी हें बीज आणि अवयव ही भुई, असें कल्पून पेजेट यांनीं मत मांडिलें कीं, बीजास भुई मानवली तरच तें रुजतें. आमच्या मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत बीज प्रधान कीं क्षेत्र प्रधान, असा मोठा ऊहापोह आहे. तेथें विषय संततीच्या हक्काचा आहे, पण वाद हाच. वैद्यकांतही तो मिटला नाहीं. १९२८ सालीं अमेरिकेंतील जेम्स ईविंग यांनीं भुईपेक्षां वाटेवर भर दिला. रक्ताच्या आणि लसीकेच्या वाहिन्या जिकडे नेतील तिकडे रोग जातो, असें त्यांचें मत. आज दोघांचेंही कांहीं अंशीं खरें मानितात, आणि हृदयाच्या बाबतींत दोघांचीही साक्ष काढावी लागते.

हृदय ही अहोरात्र हलणारी भुई आहे. दिवसांत सुमारें एक लक्ष वेळां आकुंचन पावणाऱ्या स्नायूंत पेशीस स्वस्थ बसून मूळ धरण्यास सवड मिळत नाहीं. आंतल्या कप्प्यांतून रक्ताचा झोत इतका वेगानें जातो कीं, भिंतीस चिकटणेंही कठीण. त्रिएस्तेच्या देहांत अगदीं आंतल्या अस्तरावर रोग आढळला तो शेंकडा पांचांच्या आसपास. स्नायूस पोसण्यासाठीं हृदय स्वतःकडे घेतें तें रक्तही एकंदर रक्ताचा विसावा हिस्साच. उदार यजमानानें पंगतीच्या शेवटीं आपलें पान मांडावें तसें. आणि लसीका, म्हणजे ऊतींतून झिरपून निराळ्या सूक्ष्म वाहिन्यांनीं परत जाणारा जो द्रव, तो हृदयापासून बाहेरच्या दिशेनें वाहतो. त्या वाटेनें येणाऱ्यास प्रवाहाविरुद्ध यावें लागतें.

असें असूनही कांहीं जातींचे कर्करोग पोंचतात. सर्वांत सोपी वाट शेजाऱ्याची. फुप्फुसाच्या बाहेरील पातळ आवरणाचा मेसोथेलिओमा हा विरळा कर्करोग ॲस्बेस्टॉसच्या धुळीनें, धूळ नाकांत गेल्यावर कित्येक दशकांनीं होतो. त्याच्या आणि हृदयाच्या आवरणाच्या मध्यें अंतर असें नाहींच. त्रिएस्तेच्या अहवालांत अशा जवळजवळ निम्म्या रोग्यांच्या हृदयापर्यंत तो गेला होता. फुप्फुसाचा, अन्ननलिकेचा आणि स्तनाचा कर्करोगही शेजारचेच. ते पुष्कळदां छातीच्या मध्यावरील लसीकाग्रंथी तुंबवितात, मग प्रवाह उलटा फिरतो आणि त्याबरोबर रोग हृदयाच्या आवरणांत शिरतो.

रक्तावाटे येऊन या हलत्या भुईंतही रुजणारें बीज म्हणजे मेलॅनोमा, त्वचेस काळा रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. हा सर्वत्र पसरून मृत्यु आलेल्यांच्या कांहीं तपासण्यांत निम्म्याहून अधिक हृदयांत तो सांपडला आहे. हृदयावर काळे ठिपके असे पसरतात कीं, पाश्चात्य वैद्यांनीं त्यास कोळशाचें हृदय असें नांव दिलें. गोऱ्या लोकांच्या मानानें आपल्याकडे हा रोग फार थोडा. पण होतो तेव्हां बरेचदां पायाच्या तळव्यावर किंवा नखाखालीं होतो. आणि तळव्याकडे पाहतो कोण? वाढत जाणारा, कडा वेड्यावांकड्या असलेला काळा डाग तेथें दिसल्यास तो डॉक्टरांस दाखवावा. त्या अवस्थेंत तो कापून काढतां येतो.

एक कर्करोग तर हृदयांत न जातांच हृदय बिघडवितो. आंतड्यांत होणारा आणि यकृतांत पसरणारा कार्सिनॉइड नांवाचा विरळा रोग सेरोटोनिन हें द्रव्य रक्तांत सोडतो. त्यानें हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड आणि ताठ होतात. डाव्या बाजूच्या बहुधा वांचतात, कारण वाटेंत फुप्फुसें तें द्रव्य नष्ट करितात.

राहिली चवथी वाट, आणि ती आम्हांस सर्वांत विलक्षण वाटली. मूत्रपिंडाच्या कर्करोगास शिरेंत शिरण्याची खोड आहे. तो मूत्रपिंडाच्या शिरेंतून पोटांतल्या महाशिरेंत येतो, आणि वेलानें मांडवावर चढावें तसा रक्ताच्या ओघाबरोबर वर वाढत, शंभरांत एखाद्या रोग्यांत, थेट उजव्या अलिंदांत डोकावतो. 'हृदयांत कर्करोग' हे शब्द ऐकून घरांतील माणसांचा धीर सुटावा हें साहजिक आहे. पण येथें घाई करूं नये. हा वेल बहुधा भिंतींत मुळें न रोवतां नुसता आंत लोंबत असतो. रोग अन्यत्र पसरलेला नसेल, तर हृदयाचें काम कांहीं वेळ यंत्राकडे सोंपवून शस्त्रवैद्य मूत्रपिंडासह तो आख्खा ओढून काढतात, आणि त्यानंतर वर्षानुवर्षें जगलेले रोगी आहेत. लहान मुलांच्या मूत्रपिंडाचा विल्म्स नांवाचा जो कर्करोग, तोही कधीं असाच वर चढतो. त्यांत आधीं केमो देऊन वेल आंखूड करितात आणि मग काढितात. हृदयापर्यंत गेलेला प्रत्येक रोग हाताबाहेर गेलेला नसतो, हें सांगण्यासाठीं एवढा विस्तार केला.

परंतु घरोघरीं ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट हृदयाच्या आवरणाची आहे. हृदयावर दुपदरी पिशवी असते आणि दोन पदरांत एरव्हीं दोन-तीन चमचे पाणी असतें, घर्षण होऊं नये म्हणून. त्रिएस्तेच्या त्या ६६२ हृदयांपैकीं दोन-तृतीयांशांहून अधिक ठिकाणीं रोग या आवरणांत होता. तेथें तो गेला कीं पाणी साठूं लागतें. सावकाश साठलें तर पिशवी ताणत जाते आणि लिटरभर पाणीही मावतें; भराभर साठलें तर दीड-दोनशें मिलिलिटरही प्राणावर बेततें. पाण्याच्या दाबाखालीं हृदयास पुरतें उमलतां येत नाहीं, त्यामुळें आंत रक्त येत नाहीं आणि बाहेर जात नाहीं. आडवें निजलें कीं जीव घाबरा होतो, पायांवर सूज येते. १९३५ सालीं क्लॉड बेक यांनीं याचीं तीन लक्षणें एकत्र सांगितलीं: रक्तदाब उतरणें, मानेच्या शिरा फुगणें आणि हृदयाचे ठोके दुरून आल्यासारखे मंद ऐकूं येणें. त्यापूर्वीं १८७३ सालीं जर्मन वैद्य कुसमाउल यांनीं नाडीची एक खूण वर्णिली होती. अशा रोग्यानें श्वास आंत घेतला कीं नाडी क्षीण होते, कधीं हातास लागतच नाहीं, आणि सोडला कीं परत येते. आमच्या जुन्या वैद्यांस नाडीपरीक्षेचा केवढा अभिमान! त्यांतील कोणी ही खूण टिपली होती काय, हें एखाद्या अभ्यासकानें अवश्य शोधावें.

आज मात्र नाडीवर विसंबण्याचें कारण नाहीं. १९५३ सालीं स्वीडनमधील लुंड येथें हृदयवैद्य इंगे एडलर आणि पदार्थविज्ञानाचे हेलमुथ हेर्ट्झ यांनीं, माल्मो बंदरांतील जहाजांच्या कारखान्यांतून लोखंडांतील भेगा शोधण्याचें ध्वनियंत्र मागून आणून तें हृदयावर लाविलें. कानास ऐकूं न येणारा ध्वनि आंत सोडावयाचा आणि त्याचा प्रतिध्वनि टिपावयाचा, एवढीच युक्ति. १९६५ सालीं अमेरिकेंतील हार्वे फायगेनबाऊम यांनीं आवरणांतलें पाणी या उपायानें ओळखतां येतें हें दाखविलें. तीच तपासणी आज टू-डी इको या नांवानें जिल्ह्याच्या गांवींही होते. तींत टोंचणें नाहीं, क्षकिरण नाहींत, अर्ध्या तासांत काम होतें. स्नायूंतील लहान गांठ तींत सुटूं शकते, त्यासाठीं एम.आर.आय. लागतो, पण पाणी सहसा सुटत नाहीं. पाणी सांपडलें म्हणजे कर्करोगच उलटला असेंही नव्हे. किरणोपचारानंतर तें साठतें, आणि आपल्या देशांत क्षयानेंही साठतें. म्हणून काढलेलें पाणी तपासावयास पाठवितात.

सूनबाईंनीं हट्ट धरला आणि वहिनींस शहरांत नेलें. इको पाहतां पाहतां तेथील डॉक्टरांनीं खुर्ची मागें सारली आणि लगेच दाखल करा म्हणाले. त्याच सायंकाळीं छातीच्या हाडाखालून सुई घालून, पडद्यावर पाहत पाहत, बारीक नळी आवरणांत सोडली आणि तांबूस पाणी काढिलें. तें नऊशें मिलिलिटरांहून थोडें अधिक भरलें. १८४० सालीं व्हिएन्नांत फ्रान्झ शुह यांनीं हा प्रयोग केला तेव्हां पडदा नव्हता, अंदाजानेंच सुई घालावी लागली होती. आमचे स्नेही बाहेर बसले होते, आम्हीही होतों. अर्ध्या तासानें परिचारिका सांगत आली कीं, आजी उशी काढा म्हणताहेत. महिन्यानंतर प्रथमच वहिनी त्या रात्रीं आडव्या निजल्या.

पाण्यांत कर्करोगाच्या पेशी निघाल्या. रोग उलटला होता, यांत शंका राहिली नाहीं. तो येथून समूळ जाणार नाहीं, हें डॉक्टरांनीं आडपडदा न ठेवतां सांगितलें, आणि तें बरें केलें. पण उपाय संपले नव्हते. येथें पुन्हां बीजाची जात पाहावी लागते. लिंफोमा हृदयांत असला तर तो औषधानें लवकर विरघळतो. मेलॅनोमावर २०११ पासून शरीराच्याच रक्षक पेशींस मोकळें सोडणारीं औषधें निघालीं आहेत. त्यांच्या मुळाशीं असलेल्या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांस २०१८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हीं औषधें क्वचित् हृदयाच्या स्नायूसच सूज आणितात, म्हणून तेथेंही जपावें लागतें. वहिनींचा रोग संप्रेरकांस बधणारा होता. त्यांस रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. नळी चार दिवस ठेविली, मग काढिली. एकदां काढलेलें पाणी फिरून भरतें, आणि तसें झाल्यास आवरणास लहानशी खिडकी पाडावी लागेल, हें घरीं जातांना बजावून सांगितलें होतें.

पुढल्या वैशाखांत नातवाची मुंज झाली. भिक्षावळीच्या वेळीं वहिनी पाटावर नीट बसल्या होत्या, आणि बटूच्या झोळींत त्यांनीं स्वतःच्या हातानें लाडू घातले. पाणी काढल्यापासून त्यांस चौदा महिने लाभले. त्या अवधींत एकदां, गणपतीच्या दिवसांत, दम परत लागूं लागला. त्या वेळीं घरांत पाहुणे होते, आरतीची तयारी चालली होती, आणि आमचे स्नेही सवयीप्रमाणें दगदगीनें होत असेल असें म्हणाले. सूनबाईंनीं मोदकाचें पातेलें जावेच्या हातीं दिलें आणि गाडी बोलाविली.